अंडीवालीचं खाद्य

१८ नोव्हेंबर

खाद्याचं पान कोरं आहे! अख्खी वही पालथी घातली. लसीचं पान भरलेलं, खुराड्याचं भरलेलं, जंताच्या औषधाचं तर दोन रंगांच्या पेनानं. आणि एका पानावर वर फक्त "कोंबड्यांचं खाद्य – वयाप्रमाणे" असं लिहून खाली रेघ ओढली आहे. मग नुसता कागद.

कारण मला चांगलं माहीत आहे. चंद्रपूरच्या प्रशिक्षणात तिसऱ्या दिवशी दुपारी खाद्याचा तास होता. माझे मिस्टर राजदीप माजरीहून भेटायला आले होते, दोन महिन्यांनी. खाणीतून सुट्टी कुठे मिळते त्यांना. मी सकाळीच दोन्ही वेळच्या हजेरीवर सह्या करून ठेवल्या आणि जेवणाच्या सुट्टीत सटकले. गोल बाजारात हिंडलो, कचोरी खाल्ली, त्यांनी मोरपंखी साडी घेऊन दिली. तेव्हा वाटलं, कोंबडीला काय घालायचं हे काय शिकायचं? जन्मभर घालतच आलो आपण.

आज बचत गटातल्या बारा जणींना आणि मला पिल्लं वाटली. प्रत्येकीला दहा. पाच आठवड्यांची, जास्त अंडी देणारी जात. गटाच्या अध्यक्ष मंजुषाताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "हं डॉक्टरीणबाई, यायले चारायचं काय?" मी पशुसखी ना! गावातल्या कोंबड्या-बकऱ्यांना लस टोचणारी, बायकांना सल्ला देणारी. एका दमात सांगून टाकलं – लेअर. अंड्याच्या कोंबडीचं खाद्य असते ते. लहानपणापासून दिलं की अंडी लवकर सुरू होते.

कुठून तोंडात आलं कोण जाणे. पण बोलताना इतकं पक्कं वाटलं की माझाच विश्वास बसला.

२० नोव्हेंबर

एटापल्लीला जाऊन सगळ्यांचं खाद्य आणलं. दुकानदार वामनराव बिचारा विचारत होता, "पिल्लं किती दिवसाचे हाये जी?" मी म्हटलं, "अंडीवाल्या कोंबड्या आहेत." त्यानं पोती काढून दिली.

त्यालाच विचारायचं होतं. जीभ वळवळली सुद्धा. पण मागे आमच्याच गटाच्या दोघी उभ्या होत्या. पशुसखीनं दुकानदाराला विचारायचं? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

२४ नोव्हेंबर

आज बुधरीबाईशी वाजलं.

बुधरीबाई नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, एकटीच राहते. साठीच्या पुढची. गटात नाही. पण सकाळ झाली की कोणाच्या ना कोणाच्या अंगणात हजर, हातात उधईचं मडकं. मडक्यात शेण, तणस, जुनं पोतं कोंबायचं, पाणी मारायचं आणि संध्याकाळी वारुळाजवळ पालथं घालायचं. सकाळपर्यंत आत वाळवी बुजबुजते. ती पिल्लांपुढे झटकायची. बदल्यात मूठभर तांदळाची कणकी, नाहीतर तंबाखूची चिमूट. आमच्याकडे उधईच म्हणतात वाळवीला, आणि पिल्लांना ती चारणं काही नवीन नाही. माझ्या आजीच्या वेळेपासून पाहते आहे.

मंजुषाताईंच्या अंगणात मी सगळ्यांना खाद्य किती घालायचं ते दाखवत होते. बुधरीबाई आली, पोत्यात हात घातला आणि चिमूटभर खाद्य सरळ जिभेवर ठेवलं.

"हे तं चुन्यावानी लागते वं. पानाले लावाचं हाये का कोंबडीले चाराचं?"

बायका खो खो हसल्या. माझे कान तापले. शिकलेल्या बाईला असं चारचौघींत हसतात तेव्हा काय होतं ते मला विचारा. मी म्हटलं, "बुधरीबाई, हे कंपनीचं खाद्य आहे. तुमच्या वारुळातल्या किड्यांनी रोग येतात पिल्लांना. हे जंगली काम आता बंद करा."

हसू थांबलं. जंगली म्हटलं मी. तिला, गोंडाच्या बाईला. आमच्या लोकांना कोणी असं म्हटलं असतं तर मी पहिली उठले असते!

तिनं मडकं काखेत मारलं आणि गेली.

२ डिसेंबर

माझी दहाच्या दहा पिल्लं ठणठणीत. चोची घासतात, अंगणभर धावतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई सुगंधाबाई त्यांचं सगळं पाहतात, कारण मी दिवसभर फिरतीवर असते. आईंच्या दोन जुन्या गावरान कोंबड्यांना पण काय झालंय कोण जाणे, रोज अंडं! टरफल असं टणक की ताटाच्या काठावर दोनदा मारावं लागतं.

६ डिसेंबर

संध्याकाळी विहारात मेणबत्त्या लावल्या. पांढरी साडी नेसून गेले. मी अंधश्रद्धेवर पाच मिनिटं बोलले – कारण शोधा, पुरावा मागा, कोणी सांगितलं म्हणून मानू नका. बरं बोलले असं सगळे म्हणाले.

८ डिसेंबर

मंजुषाताईंकडची दोन मेली. सकाळी खुराडं उघडलं तर पाय ताणून पडलेली. तिसरं कोपऱ्यात मान पाडून बसलेलं. बुडाला पांढरी विष्ठा चिकटलेली, चुना सांडल्यासारखी. दुपारपर्यंत आणखी तीन घरून बोलावणं आलं. सगळीकडे तेच.

लस तर मी वेळेवर दिली होती. मग काय? सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. माझ्या मनात खाद्याचं कोरं पान आलं. आलं, हे इथे लिहून ठेवते. आलं, आणि मी ते मागे ढकललं.

"उधई," मी म्हटलं. "या सगळ्या घरी बुधरीबाईनं उधई चारली आहे ना? त्यातूनच आलं असणार."

"आली होती ना," मंजुषाताई म्हणाल्या. "परवाच चारून गेली."

बस. एवढंच. पण माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं की काय सांगू.

१० डिसेंबर

सात-आठ जणी टोल्यावर गेल्या. मीही गेले. नाही कसं म्हणणार, सुरुवात तर माझीच.

बुधरीबाई अंगण सारवत होती. मंजुषाताईंनी सरळ म्हटलं, "म्हातारे, तुह्या किड्यायनं आमची पिल्लं मारली. मडकी काढ." तिनं माझ्याकडे पाहिलं. फक्त माझ्याकडे. "खरं काय वं माधवी? तू म्हनली?"

मी म्हटलं, "शास्त्र असंच सांगते."

तिनं आतून तीन मडकी आणली आणि आपल्या हातानं अंगणात आपटली. एक, दोन, तीन. शेण फुटून बाहेर आलं, उधई इकडेतिकडे पळाली. तिच्याच कोंबड्या धावत आल्या आणि टिपू लागल्या. काटक कोंबड्या, तुरे लालभडक. त्या कोंबड्या पाहूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. की पडू दिला नाही?

परत येताना बायका मोकळ्या झाल्यासारख्या बोलत होत्या. मी मागे मागे चालत होते.

१४ डिसेंबर

धानाची चुरणी सुरू आहे, खळ्याखळ्यात मळणी. मंजुषाताईंच्या खळ्यात दरवर्षी बुधरीबाई असते, या वर्षी तिला बोलावलं नाही. शेजारच्या चैतूच्या खळ्यात ती स्वतःहून गेली तर त्याची बायको, आमच्याच गटातली, म्हणाली, राहू द्या, बाया पुऱ्या झाल्या. खोटं. दोघी कमी होत्या.

आणि आज विहिरीवर काय ऐकलं! "तिच्या हाताले गुणच नाई. नजर बी खराब हाये बाई म्हातारीची. पिल्लायकडे पाहत होती तेव्हाच मले कसंतरी झालं." हे बोलणारी बाई सहा तारखेला विहारात माझ्यासमोर बसून टाळ्या वाजवत होती.

मी म्हटलं होतं रोग. आठवड्याच्या आत त्याची नजर झाली. मी टोकलं का? घागर भरली आणि आले.

चुरणीच्या धानावर त्या बाईचं वर्ष निघतं. पोराबाळांची बाई नाही ती.

१७ डिसेंबर

आज जे केलं ते लिहायलाही हात धजत नाही. पण इथे नाही लिहिणार तर कुठे?

मंजुषाताईंकडचं सहावं मेलेलं पिल्लू पिशवीत घालून बसनं एटापल्लीला नेलं. सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर आहेत, नवीनच आल्यात, मला ओळखत नाहीत. त्यांनी तिथेच टेबलावर पिल्लू चिरून दाखवलं. आत सगळीकडे पांढरी भुकटी. काळजावर, पोटात, किडनीवर तर थरच.

"काय चारता?"

"लेअर."

"वय किती याचं?"

"दोन महिने होऊन गेले."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "अहो, लेअर कधी द्यायचं? अंडी सुरू व्हायला आली की. टरफल व्हावं म्हणून त्यात भरपूर चुना असतो. अंडी देणारी कोंबडी तो टरफलात घालते. हे लेकरू कुठे घालणार? किडनी बंद पडते. आजच बंद करा. तोवर पिल्लांचं वेगळं खाद्य मिळतं, तेच द्या. ते नसेल तर मक्का, कणकी, थोडी तेलबियांची ढेप, हिरवा पाला."

मी विचारलं, "आणि उधई? उधईनं असं होतं?"

"वाळवी? छे. ती तर चांगलीच. पिल्लांना त्यातून ताकद मिळते." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या गावाला पशुसखी नाही का? तिनं सांगायला हवं होतं हे."

मी म्हटलं, "आहे."

"मग सांगा तिला."

"सांगते," मी म्हटलं.

सांगते! बसमध्ये रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. जिभेवर एक चिमूट ठेवून जे बुधरीबाईला कळलं, ते मला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन कळलं नाही. नाही, खोटं. अडीच दिवसांचं.

१८ डिसेंबर

उद्या सगळ्यांना सांगायचं. खरं ते.

१९ डिसेंबर

सांगितलं. पण काय सांगितलं? "थंडी वाढली आहे, लेअर थंड पडतं. दोन-तीन महिने पोती बांधून ठेवा. आता कणकी-मक्का द्या."

बाराही घरी फिरले, बाराही घरी हेच. प्रत्येक दारात ठरवत होते की इथे तरी खरं बोलू. आणि दारातून बाई हसून म्हणायची, ये वं डॉक्टरीणबाई, चहा घेतं का? की माझं तोंड बंद.

आपल्या घरी सांगायचं राहिलंच होतं. संध्याकाळी आईंना म्हटलं, आता लेअर नको, कणकी द्या. आई म्हणाल्या, "हो." एवढंच. पोतं तर अर्ध्याच्या खाली गेलेलं. आणि आपलं एकही मेलं नाही. नशीब म्हणायचं, दुसरं काय. पाण्याची भांडी मी रोज घासायला सांगते त्यामुळे असेल.

२६ डिसेंबर

मरणं थांबलं. आठ दिवसांत एकच गेलं, तेही मंजुषाताईंकडचं. सगळी मिळून पन्नासच्या वर गेली, पण आता थांबलं.

सुटका झाली असं वाटेपर्यंत मंजुषाताई भेटल्या. "पाह्यलं का माधवी, मडकी फोडली आन् कसं बंद झालं! तू होती म्हनून समजलं वं. नाई तं म्हातारीनं गाव खाल्लं असतं."

असं होईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी खाद्य बदललं, पण का ते सांगितलं नाही, म्हणून श्रेय मडक्यांना गेलं. आता तर पुरावाच मिळाला गावाला! कारण शोधा, पुरावा मागा. मीच म्हटलं होतं ना?

शरम वाटते. जेवताना वाटते, केस विंचरताना वाटते. आईंसमोर तर जास्तच. त्या माझ्याकडे पाहून काहीतरी बोलायला येतात आणि परत कामाला लागतात.

३० डिसेंबर

गटानं ठरवलं आहे, तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला माझा सत्कार. शाल-श्रीफळ. "गावची पिल्लं वाचवल्याबद्दल."

राजदीपला फोन केला. खूश झाले. म्हणाले, "मोरपंखी साडी नेस." मी हो म्हटलं. त्या साडीचं त्यांना काय माहीत.

१ जानेवारी

बुधरीबाईकडे निघाले. नाल्यापर्यंत गेले. पलीकडे ती दिसली, डोक्यावर सरपणाची मोळी, एकटीच येत होती. तिनं मला पाहिलं असेल. मी वाकून चप्पल नीट करू लागले, आणि चप्पल नीट करून परत आले.

३ जानेवारी

समाजमंदिरात सगळा गट. सावित्रीबाईंच्या फोटोला हार. पुरुषही आले होते पाच-सहा. मी तीच साडी नेसले होते. ठरवूनच. म्हटलं, खोटं ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवसाची वस्तू अंगावर असू दे.

मंजुषाताईंनी शाल पांघरली, नारळ दिला. "दोन शब्द बोल."

मी उभी राहिले.  म्हटलं, "बायांनो, पिल्लं बुधरीबाईच्या उधईनं नाही मेली. माझ्यामुळे मेली. लेअर खाद्य लहान पिल्लांना चालत नाही, त्यात चुना असते, किडनी खराब होते. डॉक्टरबाईनं चिरून दाखवलं मले. आणि मले हे माहीत नव्हतं, कारण चंद्रपूरला खाद्याच्या तासाला मी बसलीच नाही. बाजारात गेली होती. हे पाहा." वही उघडून कोरं पान दाखवलं. सगळ्यांना दिसेल असं फिरवून दाखवलं. "थंडीचं पण खोटं सांगितलं. बुधरीबाईची काहीच चूक नाही."

 बरं वाटलं. वाटलं, आता शिव्या द्या, शाल ओढून घ्या.

मग मंजुषाताई उठल्या. डोळ्यांना पदर. "पाह्यलं का वं! मन पाहा बाईचं. म्हातारीले वाळीत टाकू नये म्हनून सारं सोताच्या अंगावर घेऊन राह्यली!"

टाळ्या! टाळ्या वाजवल्या त्यांनी.

मी म्हटलं, "नाही हो ताई, खरं सांगते." मागून कोणीतरी, "पान कोरं असन, डोकं तं भरलेलं हाये तुह्यं." हशा. मी पुन्हा डॉक्टरबाईचं सांगायला लागले तर चैतूची बायको म्हणाली, "बरं, खाद्यानंच मेली म्हनतं ना? मंग तुह्या दहा कोंबड्या तेच खाऊन कशा वाचल्या? पोतं तं तुह्याकडे बी होतं."

ते तर मलाच कोडं होतं.   तेवढ्यात आईंकडे नजर गेली. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, खाली पाहत.

चहा झाला. सगळ्या येऊन पाठीवर हात फिरवून गेल्या. आणि इथे खरं लिहायचं तर – त्या हातांनी एक क्षण बरं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते आहे.

४ जानेवारी

सकाळी आई पिल्लांना सोडत होत्या. मी जवळ जाऊन बसले.

"आई, आपल्या पिल्लांना तुम्ही काय चारलं?"

"कणकी. पाला. भाताचं शीत. उधई."

"लेअर?"

"नाई."

"एकदाही नाही?"

"पहिल्या दिशी देल्लं. हागवण लागली. मंग नाई देल्लं." त्या शांतपणे कणकी पसरत होत्या. "ते मी गावरानीले चारतो. अंडीवालीचं खाद्य हाये ना? अंडीवालीले घातलं. पाह्य ना कसे अंडे देऊन राह्यल्या."

मी रागावले. मला रागावण्याचा काही हक्क नव्हता, तरी रागावले. "मग मला काऊन नाही सांगितलं?"

"तू इचारलं काय? तू सांगत होती. इचारत कुठी होती."

खरं आहे. अठरा नोव्हेंबरपासून, त्या डॉक्टरबाई सोडल्या तर, मी कोणालाच काही विचारलं नाही. दुकानदाराला नाही, घरातल्या बाईला नाही.

"आणि काल? काल सभेत तर मी स्वतःच सांगत होते. तुम्ही दोन शब्द बोलल्या असत्या तर लोकांनी मानलं असतं."

आईंनी हातातली उरलेली कणकी झटकली. मग म्हणाल्या, "तुह्या अंगावर शाल होती वं."

मी रडले. आईंनी रडू दिलं. मग मी विचारलं, उधई कुठून आणता? "जंगलातून येते उधई. कुठून येईन?" असं म्हणून त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चाल मंजुषाकडे."

दोघी गेलो. आईंनी सगळं सांगितलं, पोत्यापासून गावरान कोंबड्यांपर्यंत. मी बाजूला उभी. मंजुषाताईंनी ऐकून झाल्यावर खुराड्याकडे पाहिलं. तिथे तीन पिल्लं आहेत.

"माह्या सात," त्या म्हणाल्या.

"हो ताई."

"म्हातारीले मी काय काय बोलली वं."



त्यांनी चैतूच्या बायकोला हाक मारली, तिलाही आईंकडून पुन्हा सगळं वदवून घेतलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आता टाळ्या नाहीत. विहिरीवर माझ्यासाठी जागा झाली, पण कोणी बोललं नाही. मंजुषाताईंनी निरोप पाठवला – उरलेल्या चुरणीला बुधरीबाईला त्या स्वतः उद्या बोलावायला जातील. आणि मला – "देल्लेली शाल आमी वापस घेत नाई. पन पशुसखी कोन राहीन ते गट ठरवन."

ठरवू दे. आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

उद्या सकाळी मंजुषाताई पोचायच्या आधी मी टोल्यावर जाणार. काय म्हणायचं ते ठरवलं आहे – बुधरीबाई, मी खोटं बोलले, सगळ्यांसमोर तुमचा अपमान केला, माझी चूक. बस. पुढे कारणं सांगायची नाहीत.

५ जानेवारी

उजाडताच गेले. नाला ओलांडला. बुधरीबाई अंगणात उकिडवी बसली होती. मला पाहून उठली, माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"सुगंधाबाई नाई आली काय आज? तुले धाडलं? बरं केलं. उधई केव्हाची काढून ठेवली."

मला काही समजेना. "कोणाची उधई?"

"तुह्या दहा पिल्लायची. कोनाची राहीन? रोज नेते तुही सासू."

"मडकी तर फोडली होती ना…"

"घरची फोडली. वारुळाजवळचं तं कोनं पाह्यलंच नाई." तिनं तंबाखू गालात सारली. "दोन तलंगा कबूल केल्या तिनं मले, अंड्यावर आल्या का. फुकट नाई देत मी."

पाठ केलेलं सगळं तोंडातच राहिलं. तिनं पानाचा द्रोण माझ्या हातात दिला. द्रोण आतून वळवळत होता.

"धावत जाय," ती म्हणाली. "उन्हानं मरते ते."

मी धावत आले.